आधी बोलणं, मग बाकी सगळं

नेटवर्क टीममध्ये किस्से फार साठतात. सगळं नीट चालू असतं तेव्हा आम्हाला कुणी फोन करत नाही. फोन वाजला की समजायचं, नवा किस्सा आला! खराडीच्या ऑफिसात मी चौदा वर्षं असे फोन उचलले. आता लाइनवर आधी कुणाला सोडायचं याचे बहुतेक नियम एक सॉफ्टवेअरच ठरवतं आणि मी नुसते हिरवे दिवे बघत बसतो. किस्से बंदच पडलेत हो! म्हणून जुनेच सांगतो.

* * *

दामले सर आमचे टीम लीड. इस्त्रीचा शर्ट आणि मोजकं बोलणं. नवे डायरेक्टर आले तेव्हा सरांनी त्यांना समजावून सांगितलं, "लाइन एक आणि जाणारे हजार, म्हणून राउटर रांगा लावतो. फोनवरचं बोलणं पहिल्या रांगेत, कारण ते तुटलं तर काही कळत नाही. मग मीटिंगचा व्हिडिओ, मग ऑफिसची कामं. डाउनलोड आणि करमणूक सगळ्यात शेवटी."

डायरेक्टर म्हणाले, "माझं सगळं पहिल्या रांगेत टाका."

"आपण फोनवर बोलत असाल तर पहिल्याच रांगेत आहात," सर म्हणाले. "मॅच बघत असाल तर शेवटच्या."

डायरेक्टरांनी हळूच लॅपटॉप मिटला!

* * *

पण हे वेड पसरलं. सेल्सवाले म्हणाले, आम्हाला पहिली रांग हवी. मग एचआर, मग ट्रेनिंग. प्रत्येकाच्या मेलवर 'अर्जंट'. मी वैतागून सरांकडे गेलो.

"देऊन टाक सगळ्यांना," सर शांतपणे म्हणाले.

सोमवारी दिलं. अकरा वाजेपर्यंत अख्ख्या ऑफिसचे फोन तुटायला लागले. सगळे हेड आमच्या टेबलाशी जमले. "अहो दामले, पहिल्या रांगेत असून आवाज का अडकतोय?"

सरांनी चष्मा पुसला. "सगळेच व्हीआयपी झाले की त्याला गर्दी म्हणतात."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांनी आपापले अर्ज मागे घेतले. एचआरनं तर मेलवर सॉरीही लिहिलं!

* * *

प्रज्ञा चंद्रपूरहून आमच्याकडे आली ती भलतीच उत्साही. पहिल्याच आठवड्यात तिनं रोजचा बॅकअप शेवटच्या रांगेत ढकलला आणि वर नियम घातला, पुढच्या रांगा रिकाम्या असतील तरच यानं जायचं. फोन काय सुंदर चालले! पार्टीचं ठरत होतं.

आठ दिवसांनी कळलं, बॅकअप एकदाही पूर्ण झालेला नाही. पुढच्या रांगा कधी रिकाम्या झाल्याच नव्हत्या. प्रज्ञाचा चेहरा पडला. आता ओरडा बसणार!

सर तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. "शेवटच्या माणसालाही थोडं थोडं सोडत राहायचं असतं. नाहीतर तो तिथेच उपाशी मरतो."

"सर, मी तर त्याला पंगतीत बसवलंच नाही न!" प्रज्ञा रडवेल्या आवाजात म्हणाली.

सर मोठ्यानं हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना तेव्हाच पाहिलं.

* * *

लॉकडाउनमध्ये मी कर्वेनगरच्या घरी हेच ज्ञान वापरलं. बायको शिक्षिका, तिचे वर्ग ऑनलाइन. घरच्या राउटरमध्ये तिचा लॅपटॉप सगळ्यांच्या पुढे लावला आणि गप्प बसलो.

दोन दिवसांनी बाबा टॅब घेऊन समोर उभे. त्यांचं कीर्तन दर मिनिटाला थांबत होतं, बुवांचं तोंड उघडंच राहत होतं.

"हिचं अडकत नाही, माझंच अडकतं. तुझ्या राउटरला सून कळते, बाप कळत नाही?"

दुपारी चार ते पाच बाबांना पहिला नंबर दिला. त्या तासात बायको वह्या तपासायची. बाबा गेल्यावरही तो नियम बरेच महिने तसाच राहिला. काढायला हात धजावत नव्हता.

* * *

आता शेवटचा.

दामले सर निवृत्त झाले आणि वर्षभरात जुने राउटर बदलायचं ठरलं. प्रत्येक जुन्या नियमासाठी एक फॉर्म भरायचा. कारण देता आलं नाही तर नियम रद्द. मी आणि प्रज्ञा बसलो. सगळं सरांसारखंच नीटनेटकं होतं, फक्त एक नियम विचित्र निघाला. तळमजल्यावरच्या स्टोअर्समधल्या एका कॉम्प्युटरचा व्हिडिओ, रोज दुपारी एक ते दोन, चक्क पहिल्या रांगेत! फोनवरच्या बोलण्याच्या रांगेत!

"सरांची चूक?" प्रज्ञाचा विश्वासच बसेना.

मी सरांना फोन लावला. "सर, तुमच्या हातून व्हिडिओ चुकून बोलण्याच्या रांगेत गेलाय."

"चुकून नाही," सर म्हणाले. "एक वाजता खाली जाऊन बघा." आणि फोन ठेवला!

एक वाजता आम्ही खाली गेलो. स्टोअर्सचे सकपाळ डबा उघडून कॉम्प्युटरसमोर बसले होते. सकपाळांना जन्मापासून ऐकू येत नाही. ऑर्डर कागदावर लिहून द्यायची, एवढाच आमचा त्यांच्याशी संबंध. पडद्यावर त्यांच्या पत्नी होत्या. दोघांचे हात भराभर चालले होते. त्या काहीतरी रंगवून सांगत होत्या, सकपाळ मान हलवत होते, मग त्यांनी बोटांनी काहीतरी विचारलं आणि त्या तोंडावर पदर घेऊन हसत सुटल्या. खोलीत आवाज फक्त पंख्याचा.

आम्ही पाऊल न वाजवता मागे फिरलो, आणि जिन्यात लक्षात आलं, वाजलं असतं तरी काय!

वर आल्यावर प्रज्ञानं फॉर्म पुढे ओढला. 'ट्रॅफिकचा प्रकार' या रकान्यात आधी लिहिलेलं 'व्हिडिओ' तिनं खोडलं आणि लिहिलं, 'बोलणं'.