टॉवेलाखालचा गावदेव

आमच्या देवाच्या डोक्यावर ओली चड्डी वाळत घातली होती.

पोहायची चड्डी. निळी, फुलाफुलांची. पाहुण्यांतल्या एका बाप्याची. तिच्यावर एक पांढरा टॉवेल. ती दोन्ही मी उचलली. रोजच उचलायचे. ओले टॉवेल गोळा करायचे, धुवायचे, घड्या करून टाकीच्या कडेला ठेवायचे, हे माझं काम. पण त्या दिवशी टॉवेल हातात धरून मी तिथेच उभी राहिले.

टाकी म्हणजे स्विमिंग पूल. आम्ही कामाच्या बाया टाकीच म्हणतो. धरणाच्या पाण्यात बेट, बेटावर सुट्टीचा बंगला, बंगल्यापुढे टाकी. चारी बाजूंनी नजर पोचत नाही एवढं पाणी, आणि ह्यांना पोहायला मध्ये वेगळं पाणी! पहिल्या दिवशी मला हसूच फुटलं होतं.

बेट कसलं डोंबलाचं! आमचा डोंगर आहे तो. धरण झालं तेव्हा गाव बुडालं, शेतं बुडाली, मसणसुद्धा बुडालं. डोंगराचं डोकं तेवढं पाण्यावर राहिलं. आम्ही काठावर सरकलो, तिथे आमचा पाडा झाला. डोंगरावर गावदेव होता, म्हणून पुरुष दरवर्षी होडीने तिकडे जायचे. नवायला. नवं धान्य आधी गावदेवापुढे ठेवायचं, ती नवाय. ती झाल्याशिवाय आमच्याकडे कोणाच्या चुलीवर नवा दाणा चढत नाही.

मग एका उन्हाळ्यात तराफ्यावरून जेसीबी आला. बंगला उठला, तारेचं कुंपण आलं. डोंगर बंगल्याच्या साहेबांचा कधी झाला, कोणी दिला, आम्हाला कोणी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. त्या वर्षी पुरुष नवायला गेले ते गेटवरूनच परत आले. तेव्हापासून ते आपल्या काठावर उभे राहून पाण्यावरूनच हात जोडतात. तेवढ्यात नवाय उरकतात.

आता गंमत ऐका. बंगल्यात कामाला फक्त बाया घेतात. आमचे गडी बघून पाहुण्या बायका घाबरतात म्हणे. आणि आमच्यात बाईने गावदेवाजवळ जायचं नसतं. बकरा तिथेच शिजतो, पुरुष तिथेच खातात, बाईने लांबूनही बघायचं नाही. म्हणजे ज्यांनी देव पाहिलाय त्यांना आत सोडत नाहीत, आणि ज्या रोज आत जातात त्यांनी जन्मात देव पाहिलेला नाही. टाकीजवळचा तो उभा दगड, अर्धा शेंदूर उडालेला, मला दगडच वाटायचा. मला काय ठाऊक!

त्या सकाळी साहेबांच्या बायकोने, मॅडमनी, मातीच्या घोड्यांचा ढीग माझ्यापुढे ओतला. म्हणाल्या, "हे जरा धुऊन घे आणि त्या दगडाभोवती मांड. काम चालू होतं तेव्हा तिथेच सापडले होते. फोटोत छान दिसतात."

धुता धुता एक घोडा हाताशी आला. मानेला तांब्याची तार गुंडाळलेली. माझा भाऊ लहानपणी तापाने फणफणला होता, तेव्हा बाने घोड्याचा नवस बोलला होता. घोडा आधी घरात येतो, बाया त्याला हळद-तांदूळ लावतात, मग पुरुष तो डोंगरावर नेतात. आमच्या घोड्याची मान घरातच मोडली. याहाने, म्हणजे आईने, ती तारेने बांधली. तार मीच धरली होती. तोच घोडा. तो ज्याच्यापुढे वाहिला होता तो हा दगड. आणि त्यावर हे लोक चड्ड्या वाळवत होते.

मॅडम खुर्चीवरून ओरडल्या, "अगं, उभी काय राहिलीस? टॉवेल मशीनला टाक ना."

"मॅडम, हा देव आहे आमचा. ह्याच्यावर कपडे नका घालू म्हणावं."

एवढं लांब वाक्य मी तिथे पहिल्यांदाच बोलले. मी आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेय, घरी आमची भिलोरी असली तरी मराठी मला येते. पण तिथे माझी मराठी 'हो मॅडम'च्या पुढे कधी गेलीच नव्हती. मॅडमनी गॉगल वर केला. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत का? आपल्या पूलला देवसुद्धा आहे!"

चड्डीवाला पाण्यातून बाहेर आला. दुसरी चड्डी, हातात बिअरचा डबा. "मग देवाला कोणी विचारलं का, काय घेणार?" असं म्हणून त्याने डबा देवाच्या डोक्यावर उपडा केला. "चिअर्स, देवा!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मला काय लागलं सांगू? धार आम्हीही पाडतो. मोहाची. पहिला घोट कधी आपल्या घशात जात नाही, आधी मातीवर धार, पितरांची आठवण, देवाचं नाव, मग आपण. त्या माणसाने हात अगदी तसाच धरला होता. आमचा बा धरतो तसा. आणि लोक हसत होते.

"आता मुंग्या लागतील," मॅडम म्हणाल्या. "ब्रश आण आणि घासून काढ. तो लाल रंगपण निघतो का बघ, टॉवेलला डाग पडतात."

मी ब्रश आणला. हो, आणला. सवय असते हाताला. देवापुढे गुडघ्यावर बसले. एकाने फोन माझ्यावर धरला, म्हणाला, "इकडे बघ, स्माईल!" आमच्या बंगल्याचा मॅनेजर प्रकाशा गावाकडचा, भित्रा माणूस. तो मागून हळूच म्हणाला, "धुई टाक ना बहीण, तुन्हं काय जास?"

माझं काय जातं! हेच मला कोणीतरी विचारायला हवं होतं. सगळं गेलेलंच होतं की. हा एक उभा होता, त्याचा रंग आता माझ्याच हाताने खरवडून घेत होते.

मी उठले. "नाही घासणार."

कोणाला ऐकू गेलं नाही. मग मी मोठ्याने म्हणाले, "नाही घासणार मी!"

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"बरं," म्हटलं. एप्रन काढला आणि ब्रश ठेवला त्याच्यावर.

तेवढ्यात साहेब पुढे आले. साहेबांचा आवाज नेहमीच गोड. "चिडू नकोस गं. चुकलं आमचं. तुमचा देव आहे ना, मग घेऊन जा की! उद्या माझी बोट पाठवतो, माणसं देतो. तुमच्या पाड्यात त्याला छान देऊळ बांधून देतो. फरशी, लाईट, सगळं. तुम्हालाही सोपं, आम्हालाही सोपं."

होडीत बसून घरी येईपर्यंत मला तो माणूस भला वाटत होता.

पाड्यात सगळं सांगितलं. बा ढसाढसा रडला. मग देवळाचं निघालं आणि माणसं सुखावली. पुजारा, म्हणजे आमच्याकडे देवाचं करणारा म्हातारा, हात जोडून म्हणाला, "देव स्वतःहून घरी येतोय, अजून काय पाहिजे?" कोणी ढोल काढायचं बोलू लागलं. कोणी फरशीचा रंगही ठरवून टाकला. आम्ही बाया मागे बसलो होतो. माझ्या कानात साहेबांचं एकच घुमत होतं, आम्हालाही सोपं. अरे, ह्यांना सोपं कशाने होणार?

आणि डोक्यात लख्ख पडलं. डोंगरावर आमचं उरलंय काय? घर नाही, शेत नाही, मसण नाही. हा एवढा दगड आहे. तो उचलला की डोंगर कायमचा त्यांचा. आणि उचलणार कोण? आम्हीच. ढोल वाजवत, नाचत!

मी उभी राहिले. "देव आणायचा नाही."

पुजाऱ्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "बाईमाणसाने देवाचं बोलू नये. ही त्याच्याजवळ गेली, ते आधी निस्तरावं लागेल."

"मी जवळ गेले म्हणून तर देवाचे हाल कळले. तुम्ही एवढी वर्षं काठावरून कुंपणाला हात जोडत होता!"

"खाली बस," बा ओरडला.

मी बसले नाही. आणि याहा उठली. पुजाऱ्यासमोर जन्मात तोंड न उघडलेली माझी आई. पदर तोंडाशी धरूनच बोलली, "पाणी चढलं तेव्हा आपण पळालो. तो नाही हलला. आता तुम्ही त्याला हलवायला निघालात होय?"

पुजारा काठी उचलून निघून गेला. बाने त्या दिवशी भाकरी खाल्ली नाही.

सकाळी साहेबांची बोट आली. आत दोर, पहारी, चार मजूर. मॅनेजर काठावर उतरून म्हणाला, "चला, माणसं बलावा. साहेबनी सांगेल शे, दगड आजच काढना शे."

माणसं काठावर आली होती. पुजाराही आला होता. मी पाण्यात शिरून बोटीच्या तोंडाशी उभी राहिले. माझ्यामागे याहा, तिच्यामागे कामाच्या बाया. एकही माणूस बोटीकडे आला नाही. पटलं म्हणून की लाजेने, ते त्यांचं त्यांना माहीत.

"दादा," मी म्हटलं, "साहेबांना सांगा, देव हलणार नाही. आम्ही येतो तिकडे, नवायला. पुरुष येतील, बायाही येतील. विचारायला नाही, सांगायला पाठवतेय तुम्हाला."

त्याने बोट वळवली.

भात कापून झाला आहे. नवे तांदूळ कणगीत आहेत आणि पोरं रडली तरी आम्ही बाया ते शिजवणार नाही. पाण्यावरून हात जोडून नवाय होत नाही, हे आम्ही घरोघरी सांगून आलो आहोत. होड्या तयार आहेत. गेट उघडं असेल तर आत जाऊ, बंद असेल तर तिथेच बसू, पोलीस आणले तर पोलिसांसमोर बसू. डोंगर आमचा आहे.

पुजारा माझ्याशी बोलत नाही. येणार की नाही, तेही सांगत नाही. तो आला तर त्याला मान देऊ. नाही आला तर तांदळाची पहिली मूठ देवापुढे मी ठेवणार. देवाला बाईचा हात चालत नसेल तर देव मला सांगेल. दुसऱ्या कोणी सांगायचं नाही.