जय भीम, कोण बोलतंय?

"अच्छा, म्हणजे तू रिझर्व्हेशनवाली," बाई म्हणाली आणि हसली. मोठ्यानं नाही. नाकातल्या नाकात.

मी तिला काहीच विचारलं नव्हतं. नावसुद्धा सांगितलं नव्हतं. फोन वाजला तेव्हा हात पिठात होते, म्हणून करंगळीनं स्पीकर लावला आणि आमच्या घरात जे म्हणतात ते म्हणाले. "जय भीम, कोण बोलतंय?" बस्स. आमच्याकडे फोन असाच उचलतात. कर्ज घ्या म्हणून गळ्यात पडणाऱ्या पोरींनाही पप्पा आधी जय भीम करतात, मग नको म्हणतात.

"हे बघ बेटा, आधीच क्लिअर केलेलं बरं. आमची प्रायव्हेट युनिव्हर्सिटी आहे. इथं तसलं काही नसतं. इथं फक्त मेरिट."

त्या युनिव्हर्सिटीत अ‍ॅडमिशनसाठी नाशिकच्या मुलांशी बोलायला नेमलेली ही बाई. आमच्या कॉलेजातले सर म्हणाले होते, नुसता अर्ज टाकून गप्प बसू नका. तिथल्या माणसाशी बोला, प्रश्न विचारा. फार थोड्यांना घेतात, तुम्हाला खरंच यायचंय हे त्यांना कळू द्या. म्हणून मी ईमेल करून नंबर दिला होता. प्रश्न घोकून ठेवले होते. अर्थशास्त्राबरोबर संख्याशास्त्र घेता येतं का? मराठी शाळेतून आलेल्यांना इंग्रजी लिहायला कुणी मदत करतं का? दोन्ही तोंडपाठ. एकही बाहेर आला नाही.

मी म्हणाले, "थँक यू मॅम."

थँक यू. कशाबद्दल, कुणास ठाऊक.

तव्यावरची चपाती करपली होती. ती काढली, दुसरी टाकली. पप्पा दारात बसून बुटांना पॉलिश करत होते. ते एसटीत कंडक्टर, पेठच्या गाडीवर. स्पीकरवरचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. ब्रश थांबला. मग परत चालू झाला. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात आणि आपलाच गाल आपल्याला दुसऱ्याचा वाटतो, तसं झालं होतं. सगळ्या अंगाचं.

मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मग हॅलो म्हणायचं ना." प्रेमानंच म्हणाली. तेही लागलं नाही. जेवत होते, कॉलेजला जात होते, फोन वाजला की बघत बसत होते. उचलत नव्हते.

मग त्या युनिव्हर्सिटीचीच सभा झाली, गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात. मुलांनी पालकांसोबत यावं, प्रत्यक्ष बोलावं. पप्पांनी रजा टाकली. शर्टाला कडक इस्त्री. हॉटेलच्या दाराशी ते थबकले.

"बाळा, आत मी नमस्कार म्हणतो. तू टेन्शन घिऊ नको."

माझे पप्पा. लग्नात जय भीम, मयतीत जय भीम, पेठच्या घाटात गाडी बंद पडली तर समोरून येणाऱ्या ड्रायव्हरला जय भीम. डेपोतल्या साहेबानं तोंड वाकडं केलं, तरी त्यालाही. त्या माणसानं माझ्या अ‍ॅडमिशनसाठी तोंडातला शब्द गिळायचं ठरवलं होतं. आणि मी नको म्हणाले नाही. मान डोलावली.

आत एसी, बिस्किटं, हळू आवाजातली गोड बोलणी. फोनवरची बाई हातमागाच्या साडीत. आमच्या पुढच्या मुलाच्या वडिलांचा विंचूरला वाईनचा कारखाना होता. त्याला तिनं त्याचे छंद विचारले, पुस्तकं विचारली. मग आमची पाळी आली. पप्पांनी हात जोडले. "नमस्कार, मॅडम." मी नाव सांगितलं. तिला ओळख पटली.

"अरे हां! फोनवाली!" शेजारच्या सहकारी बाईकडे वळून म्हणाली, "मी सांगत होते ना, ती जय भीमवाली." दोघी हसल्या. मग मला म्हणाली, "बघ, बाबा कसं छान नमस्कार म्हणाले. हेच शिकायचं असतं."

पप्पाही हसले. सुट्टे नसलेला प्रवासी कंडक्टरकडे बघून हसतो ना, तसं. त्यांचे हात अजून जोडलेलेच होते.

तेव्हाही मला राग आला नाही. फक्त ते हात दिसले. बाकी काही दिसेना.

"जय भीम, मॅडम," मी म्हणाले. मुद्दाम. पलीकडच्या टेबलावर ऐकू जाईल असं. "फोनवर मी रिझर्व्हेशन विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी त्यात हसण्यासारखं काय होतं?"

तिचं हसू तसंच राहिलं, नुसतं थंड झालं. मी घोकलेले दोन्ही प्रश्न विचारले.

"ईमेल कर, हं."

"इथंच सांगा. मी थांबते."

मागच्या रांगेतले लोक बघायला लागले. तिनं उत्तर दिलं. संख्याशास्त्र घेता येतं. इंग्रजीसाठी मदत मिळते. संपलं. फोनवर एवढंच तर सांगायला हवं होतं तिनं.

मी थँक यू म्हणाले नाही.

बाहेर आल्यावर पप्पांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं. मग म्हणाले, "आता घेतील का तुला?"

"माहीत नाही."

"लय बोललीस." शाबासकी नव्हती त्यात. भीती होती. अजूनही आहे.

आता मुलाखत आहे. फोनवर. घेणारी बाई तीच. सर म्हणतात, माफीचा ईमेल टाक, उगाच वर्ष वाया घालवू नको. नाही टाकणार. अर्जही मागे घेणार नाही. मी आपणहून बाजूला झाले तर त्यांचं काम सोपंच होईल. नाकारायचं असेल तर त्यांनी नाकारावं, माझं बोलणं पूर्ण ऐकून.

त्या वेळेला पप्पा घरी राहणार आहेत. मीच राहायला सांगितलंय. फोन वाजला की स्पीकर लावीन, त्यांना नीट ऐकू जाईल असा. आणि जय भीम म्हणीन.