तक्रारीची खुर्ची

औषधांच्या प्लांटमध्ये आत जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे फोलाके गेल्याचं मला चहाच्या सुट्टीत कळलं. मेसेज शिवॉनचा होता. आमच्याच नाटकाच्या ग्रुपमधली ही बाई एरवी पानभर लिहिते. त्या दिवशी एकच ओळ होती, ‘ती सकाळी गेली.’ मी पुन्हा गाऊन चढवला, टोपी घातली आणि आत जाऊन नळ्या तपासत राहिले... रडू आलं नाही. राग आला. इतके आठवडे झाले, अजून उतरलेला नाही.

फोलाके नायजेरियाची. तिकडे तिची स्वतःची नाटकमंडळी होती. इकडे आयर्लंडमध्ये, ट्रलीत आली आणि इथल्या कलाकेंद्राच्या मागच्या थंडगार हॉलमध्ये तिने नव्याने डाव मांडला. तिच्यासारख्या आफ्रिकेतून आलेल्या बायका, शिवॉनसारख्या इथल्याच दोघीतिघी, आणि मी, अमरावतीची, जिने शाळेनंतर स्टेजवर पाय ठेवला नव्हता. नाटक ती लिहायची, बसवायची, आणि आम्ही चुकलो की तासायचीही तीच.

तालमीची तिची एक रीत होती. हॉलच्या मधोमध एक लाकडी खुर्ची असायची. बाईंची असणार, असं समजून पहिल्या दिवशी मी ती ओढणीने पुसली आणि अदबीने तिच्यापुढे सरकवली. सगळ्या हसल्या. फोलाके कधीच बसायची नाही, फेऱ्या मारत तालीम घ्यायची. खुर्ची तक्रारीची होती. चाललेल्या प्रसंगात काही खोटं वाटलं की कुणीही जाऊन तिथे बसायचं. कुणी बसलं की इतरांनी आहेत तिथे थांबायचं. मग ती विचारायची, “बोल, कुठे खोटं वाटलं?” आणि खरंच ऐकायची.

आई इथे आली होती तेव्हा मी फोलाकेला जेवायला बोलावलं. दारातच तिने दोन्ही गुडघे टेकून आईला नमस्कार केला. त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांना तसाच करतात. आई बघतच राहिली. मग मला म्हणाली, “कोनाची पोर आहे वं हे? चांगलं वळन आहे पोरीले.” पोर पन्नाशीची होती. निघताना आईने तिची ओटी भरली. पुढच्या तालमीला आलो तर तो हिरवा खण खुर्चीच्या पाठीला बांधलेला. “तुझ्या आईने मला काही न विचारता मान दिला,” ती म्हणाली. “इथे आधी माझा अर्ज मागतात.”

हे ती केंद्राच्या मॅनेजरबद्दल म्हणत होती. त्याला ती इथल्या लोकांसारखं ‘युवर मॅन’, म्हणजे ‘तो बाबा’, म्हणायची. उत्सव आला की युवर मॅनला तिची आठवण व्हायची. थोडे ड्रम्स, थोडं तुमचं जेवण, आणि ते रंगीत कपडे घालून फोटोला ये. नाटक तिचं, पण पत्रिकेत तिचं नाव शेवटी, आभारात, चहावाल्यांच्या शेजारी. दिग्दर्शिकेचं पद तिने दरवर्षी मागितलं आणि दरवर्षी उत्तर तेच, तशी जागाच नाही. मी एकदा त्याच्याशी भांडायला निघाले, तर तिने माझा हात धरला. “तू भडकलीस तर म्हणतील, बिचारी दमलीय. मी भडकले तर म्हणतील, ही धोकादायक आहे.” मग हॉलमध्ये येऊन तिने भिंतीला अशी लाथ मारली की वरचं घड्याळ खाली आलं.

केंद्राने तिची स्मृतिसभा ठेवली. चहा, सँडविचेस, समोर तिचा हसरा फोटो. आपल्याकडे मेल्या म्हशीला मणभर दूध असतं; इथे मेल्यावरही मापात खोट. युवर मॅन म्हणाला, फोलाके आमची मोठी मदतनीस होती. सदा हसतमुख, रागावलेली कुणी पाहिली नाही. आणि सांगायला आनंद होतो की तिच्या स्मरणार्थ केंद्रात आता दिग्दर्शकाचं पद निर्माण झालं आहे, डब्लिनहून एक अनुभवी गृहस्थ येत आहेत. तिच्या ग्रुपमधल्या बायका त्यांना तालमीची पद्धत शिकवतीलच.

जागा निघाली होती. ती मेल्यावर निघाली होती.

खुर्ची कोपऱ्यात होती, तिच्यावर पाहुण्यांचे कोट टाकलेले. मी कोट जमिनीवर ठेवले, खुर्ची ओढत मधोमध आणली आणि बसले. चहा ओतणाऱ्या शिवॉनचा हात थांबला. सँडविचचं ताट फिरवणारी होती तिथेच थबकली. आमच्या सगळ्या बायका एकेक करून थांबल्या. नियम माहीत नसलेला एकटा तो बोलत राहिला, मग त्यालाही ती शांतता ऐकू आली.

“ऑल ग्रँड?” सगळं ठीक ना, असं त्याने मला विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. “ती मदतनीस नव्हती. दिग्दर्शिका होती. आणि तिला खूप राग यायचा.”

तो ओशाळं हसला आणि म्हणाला, आज ही वेळ नाही, नंतर बोलू. नंतर कुणी बोललं नाही. जाताना खुर्ची मी गाडीत घातली, कुणाला विचारलं नाही. आता ती माझ्या स्वयंपाकघरात आहे, पाठीला तो खण तसाच. त्याची गाठ फोलाकेची आहे, म्हणून मी धुवायलाही काढलेला नाही. हे सगळं त्या खुर्चीवरच बसून लिहिलं आहे... आणि मी अजून उठलेली नाही.