ही भूक माझी न्हाई

घोटावड्याला एका शेतकरी कुटुंबाच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहत होते. खाली काका आणि काकू दोघंच, मुलगी सासरी. मी मूळची लातूरकडची, पुण्याच्या एका प्रयोगशाळेत भुकेवर काम करायचे. अंगातली चरबी रक्तातून एक संप्रेरक मेंदूकडे पाठवते, पुरे झालं असं सांगायला. मेंदूच्या तळाशी बदामाएवढी जागा आहे, ती हा निरोप ऐकते. उंदरांच्या मेंदूतला तिथला एक ठिपका मी बारीक सुईनं जाळायचे. मग ते उंदीर खातच राहायचे आणि मी त्यांचं वजन लिहून ठेवायचे.

काकूंना याचं हसू यायचं. भुकेत शिकण्यासारखं काय असतं, लागली की खायचं, असं त्या म्हणायच्या.

एका पावसाळ्यात काकूंना अंधुक दिसू लागलं. तपासणीत मेंदूच्या तळाशी गाठ निघाली. कर्करोगाची नव्हती. शस्त्रक्रिया झाली, नजर वाचली, काकांनी गल्लीत पेढे वाटले. त्यांच्या सांगण्यावरून मी फाइल वाचली. गाठ नेमकी त्या बदामाएवढ्या जागेला चिकटून होती. पण सगळे आनंदात होते. मी गप्प बसले.

महिन्याभरानं एका दुपारी मी लवकर घरी आले. खालच्या स्वयंपाकघरातून चावल्याचा आवाज येत होता, संथ, एका लयीत. डोकावले. काकू भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, मांडीवर पिठाचा डबा. कोरडं ज्वारीचं पीठ त्या मुठीनं खात होत्या. मी हाक मारली. त्यांनी मान वळवली, नेहमीसारखं विचारलं, आज लवकर कशी? बोलणं अगदी शांत. हात मात्र थांबला नाही. डब्यातून तोंडाकडे, तोंडाकडून डब्याकडे.

माझे उंदीर असेच बघायचे. पिंजऱ्याचं झाकण उघडलं की मान वर करायचे, आणि पुढच्या पायांत धरलेलं खाणं खातच राहायचे.

मी शेजारी बसले. तेव्हा दिसलं, त्यांच्या गालांवरचं पीठ ओलं झालं होतं.

"पोट फुटायला आलंय, पोरी," त्या म्हणाल्या. "तरी भूक हाय. ही भूक माझी न्हाई."

गावात बोलणं सुरू झालं होतं, की हिच्या अंगात कोणीतरी येऊन जेवतंय. काका देवरुष्याकडे जायला निघाले होते. मी त्यांना ओट्यावर बसवलं, कागदावर मेंदू काढला, निरोप कुठून येतो आणि कुठे अडतो ते दाखवलं. गाठ काढताना ती ऐकणारी जागा दुखावली होती. काकांनी कागदावरच्या त्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हंजी आत कुणी आलेलं न्हाई. आतलं कुणीतरी गेलंय."

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

डॉक्टरांनी कबूल केलं की यावर खात्रीचा उपाय नाही. जेवण मोजून द्यायचं, बाकी सगळं बंद ठेवायचं. खाण्याच्या कपाटाला कुलूप लावा असं काकूच म्हणाल्या, आणि किल्ली माझ्याकडे दिली. काकांना दया येईल, असं त्यांचं म्हणणं. नंतर त्यांनी विचारलं, "तुझ्या उंदरांस्नी लावतीस का कुलूप?"

मी नाही म्हणाले. त्यांचं खाणं उघडंच असतं. आम्हाला बघायचं असतं.

त्यानंतर सुईचं ते काम मी महिनाभरच करू शकले. आता मी त्याच निरोपाच्या मागावर आहे, माणसांच्या रक्ताचे नमुने घेऊन.

पुढे मी बावधनला राहायला गेले. किल्ली मुलीकडे गेली. ती माहेरी येऊन राहिली आहे. मागच्या रविवारी भेटायला गेले होते. काकूंचं वजन बरंच वाढलंय, पण ते आता एका जागी थांबलंय. त्यांनी लेकीला मला वाढायला सांगितलं आणि समोर बसून राहिल्या. त्यांचं जेवण होऊन तासही झाला नव्हता.

मी घास घेतला. काकू माझ्याकडे बघत होत्या, प्रेमानंच. मी चावत होते तसा त्यांचाही जबडा हलत होता. मी थांबले की थांबायचा.

मी ताट संपवलं. टाकलं असतं तर त्यांना ते बघवलं नसतं.