नाक्यावरचा बांबू

जंगलनाक्यावर चुना फासलेला आडवा बांबू दिसला की अजून माझे गुडघे आवळतात.

पन्नासच्या दशकात चांद्याच्या मैदानात असेच बांबू बांधून घोड्यांच्या उड्यांची शर्यत ठेवली होती. गावच्या जमीनदाराकडे, मालगुजारांकडे, मी घोडे सांभाळायचो; त्यांच्या तिन्ही घोड्यांवर पाळीपाळीनं हौसेनं मीच बसलो होतो.

"जिंकंल तो घोडा नागपूरच्या साहेबाले देऊन टाकतो," मालगुजार म्हणाले.

"हो भाऊ," मी म्हणालो.

पहिल्या दोघांनी बांबू पाडले. उरली चिमणी, मी शिंगरापासून वाढवलेली घोडी. शेवटच्या बांबूपाशी मी मुद्दाम लगाम खेचला, तरी ती अलगद पलीकडे उतरली आणि शाबासकीसाठी मान वळवून माझ्याकडे बघू लागली.

"काऊन रडून राह्यला?" मालगुजारांनी विचारलं.

"घाम आहे, भाऊ."

कितीतरी वर्षं मी चिमणीवरच चिडून होतो. कचरायचं नाही, हे तिला मीच शिकवलं होतं. "घोडी देऊ नका" एवढं म्हणायला कचरलो तो मी.