एकच बनलेली मोटार

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बी.एस्सी. झाल्यावर मास्तरकीसाठी मी गेलो, तर दोन शाळांनी परत पाठवलं. तिसरी शाळा धामणगाव बढ्याची. तिथंही नकार आला, तर मोताळ्याला वडिलांसोबत वांग्याच्या वावरात उतरायचं, हे घरात ठरलेलं होतं.

निवडीआधी उमेदवारानं शाळेच्या कमिटीसमोर मुलांचा एक तास घ्यायचा, अशी तिथली पद्धत. मी गुरुत्वमध्य हा विषय घेतला आणि फळ्यावर एक ब्रिटिश स्पोर्ट्स मोटार काढली. कॉलेजच्या वाचनालयातल्या जुन्या इंग्रजी मासिकात तिच्यावर फोटोसह लेख होता. दोनच माणसांची, जमिनीलगत, वळणावर न कलंडणारी. आपण काही वेगळं वाचलंय हे दिसावं, म्हणून मी ती निवडली होती. लेखाचा शेवट मात्र सांगितला नाही.

"सामान कुठी ठेवतेत?" मागच्या बाकावरून एका सभासदानं विचारलं.

"सामानाची नाही, वेगानं जायची आहे."

"आपल्या रस्त्यानं इचं पोट घासते न!" शेजारचा म्हणाला. वर्ग हसला. मीही हसलो, जरा उशिरा.

तास संपल्यावर, मुलं बाकांवर असतानाच, कमिटीचे अध्यक्ष फळ्याजवळ आले. ते भाजीपाल्याचे मोठे बागायतदार. "मास्तर, हे गाडी विकत कुठी भेटते? मुंबईले?"

'हो' म्हटलं असतं, तरी कुणी शोधायला गेलं नसतं.

"कुठंच नाही," मी म्हणालो. "कंपनीनं एकच बनवली. चालवून पाहिली आणि विकायला काढलीच नाही."

"काऊन?"

"खर्च झेपेना, असं लिहिलं होतं."

"मंग जे गाडी निघालीच नाही, ते पोराइले शिकवून राह्यले तुमी?" मागचा सभासद म्हणाला.

हेडमास्तर खाली पाहून काही लिहू लागले. मी खडू ठेवून दिला.

"त्यात काय हाय?" अध्यक्ष म्हणाले. "नवं बियाणं आमीबी आधी एका वाफ्यात लावून पाह्यतो. नाही जमलं त वावरात नाही नेत. पन मास्तर, हे आधी सांगाले पाह्यजे होतं."

"चुकलो," मी म्हणालो.

"मले नोका सांगू. पोराइले सांगा."

मी मुलांना सांगितलं. मग फळा पुसून कापसानं भरलेली बैलगाडी काढली. ती का उलटते, हे मुलांनीच मला समजावलं.

अध्यक्षांनी सोमवारपासून यायला सांगितलं. घरी मी सगळं सांगितलं. वडिलांनी मोटारीचं काही विचारलं नाही. धामणगावात खोली मिळेल का, एवढंच विचारलं.