लिंबावर अडलेली गाडी

सुमे, जवळ ये गो, कागदातून का होईना. पोटची लेक तू, आणि फोनवर नुसतं "आई, टाइम नाय". शोभतं का तुला?

आज लोणच्याची लिंबं चिरताना वास आला आणि ती दुपार आठवली. लकव्याने तुझ्या बाबांचा उजवा हात लुळा पडून चार महिने झालेले. जन्मभर त्यांनी शहापूरच्या डॉक्टरांची जुनी गोल दिव्यांची गाडी चालवली. तशीच छोटी गाडी तू खेळातल्या प्लास्टिकच्या विटा जोडून केलीस, आत सेलवर फिरणारी मोटर बसवलीस. नवी गाडी म्हणून मी हळदकुंकू वाहिलं आणि चाकापुढे लिंबू ठेवलं. खरी गाडी लिंबू चिरडून जाते. ही तिथेच अडली, चाकं नुसती घरघरली.

"अगो, गाडीपेक्षा तुझं लिंबूच मोठं!" म्हणत बाबांनी ते बाजूला सारलं.

"बाबा, उजवा हात!" तू ओरडलीस.

मला वाटलं, आता सगळं पहिल्यासारखं होणार. पण तो हात पुन्हा कधी हलला नाय. तेव्हा मी देवावर रागावले होते. आता बाबा नाहीत, तर वाटतं, लिंबाएवढं का होईना, मिळालं होतं. तो हात हलताना पाहिलेल्या आपण दोघीच उरलो. मी एकटीने किती आठवायचं? लवकर ये गो.